विश्लेषण : चौकोनी भोकाची चिनी नाणी ओळखायची कशी? त्यावरचा मजकूर काय सांगतो, काय लपवतो?

लाल धाग्यात ओवलेली, मध्ये चौकोनी भोक असलेली तीन पिवळी नाणी आपल्याकडे अनेक घरांच्या दाराला, दुकानाच्या गल्ल्याला किंवा पाकिटात दिसतात. फेंगशुईच्या नावाखाली ती काही रुपयांत मिळतात. त्याच आकाराची, तशाच अक्षरांची, पण काळपट-हिरवट झालेली नाणी ऑनलाइन बाजारात ‘हजार वर्षांपूर्वीचे दुर्मीळ चिनी नाणे’ म्हणून हजारो रुपयांना विकायला ठेवलेली असतात. घरातल्या जुन्या पेटीत असे एखादे नाणे सापडले, की ते नेमके कोणत्या काळातले आणि त्याचे मोल किती, हा प्रश्न पडतो. चिनी भाषा येत नसली तरी या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोणालाही शोधता येते. कारण या नाण्यांवरची चारपैकी दोन अक्षरे बहुतेक ठरलेली असतात. उरलेले अर्धे उत्तर मात्र अक्षरांत नसते, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

या नाण्यांना ‘कॅश’ का म्हणतात?

इंग्रजीत या नाण्यांना ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेसाठी वापरला जाणारा ‘कॅश’ हा शब्द वेगळा, तो पैशाच्या पेटीवरून आला आहे. नाण्याचा ‘कॅश’ मात्र आपल्याकडून गेलेला आहे. तमिळमध्ये लहान नाण्याला ‘कासु’ म्हणत. त्याचे मूळ संस्कृतमधील ‘कर्ष’ या वजनाच्या नावात असल्याचे मानले जाते. पोर्तुगीजांनी ‘कासु’चे ‘काइशा’ केले, पुढे इंग्रजांनी ‘कॅश’ केले आणि तोच शब्द त्यांनी चीनमधील किरकोळ नाण्यालाही लावला.

ही नाणी आपल्याकडच्या जुन्या नाण्यांप्रमाणे ठशाखाली ठोकून पाडलेली नसतात, ती साच्यात ओतलेली असतात. बारीक वाळूच्या साच्यात नमुन्याच्या नाण्यांचे ठसे उठवायचे, त्यांना जोडणारी पन्हळ ठेवायची आणि त्यात वितळलेले कांसे किंवा पितळ ओतायचे, अशी ही पद्धत होती. साचा उघडला, की झाडाच्या फांदीला पाने असावीत तशी नाणी बाहेर येत. ती तोडून घेतल्यावर चौकोनी भोकातून चौकोनी दांडी घालत आणि सगळ्या नाण्यांच्या कडा एकदम कानशीने घासत. भोक चौकोनी असल्याने नाणी दांडीवर फिरत नसत. गोल नाणे म्हणजे आकाश आणि चौकोनी भोक म्हणजे पृथ्वी, असा अर्थही चिनी परंपरेने त्याला दिला. व्यवहारात त्याचा आणखी एक उपयोग होता. नाणी दोरीत ओवून नावाला हजाराची एक माळ करत आणि मोठे व्यवहार माळांच्या हिशेबात होत.

नाण्यावर लिहिलेले असते काय?

साम्राज्याच्या सुरुवातीच्या गोल नाण्यांवर राजाचे नाव नाही, वजन आहे. छिन राजवटीच्या नाण्यावर ‘बानलियांग’, म्हणजे अर्धा लियांग, अशी दोन अक्षरे असत. हान सम्राट वू याच्या काळात, इसवी सनपूर्व ११८ मध्ये, ‘वूझू’ म्हणजे पाच झू वजनाचे नाणे सुरू झाले. २४ झू म्हणजे एक लियांग. उजवीकडचे ‘वू’ हे अक्षर ओळखायला सोपे आहे. वर-खाली आडव्या रेघा आणि मध्ये फुली, असा त्याचा आकार हुबेहूब डमरूसारखा दिसतो. हे नाणे राजवटी बदलल्या तरी, वजन कमीजास्त झाले तरी, त्याच दोन अक्षरांनिशी ७०० वर्षांहून अधिक काळ निघत राहिले.

इसवी सन ६२१ मध्ये तांग राजवटीच्या पहिल्या सम्राटाने ही पद्धत मोडली. त्याने काढलेल्या ‘कायुआन तोंगबाओ’ या नाण्यावर चार अक्षरे आली आणि वजनाचा उल्लेख गेला. पुढे जवळपास १३०० वर्षे हाच नमुना टिकला. चारपैकी पहिली दोन अक्षरे बहुधा कालनाम असतात. सम्राट आपल्या कारकिर्दीला किंवा तिच्या एका टप्प्याला जे शुभ नाव देत असे, ते हे कालनाम. ते सम्राटाचे स्वतःचे नाव नव्हे. शेवटची दोन अक्षरे म्हणजे ‘तोंगबाओ’ (चलनातील ठेवा), ‘युआनबाओ’ (मूळ ठेवा) किंवा ‘झोंगबाओ’ (जड ठेवा). आपल्या भाषेत सांगायचे तर ही दोन अक्षरे म्हणजे नुसते ‘नाणे’.

नाणे सरळ धरले आहे, हे कसे कळणार?

‘बाओ’ हे अक्षर शोधावे. चारही अक्षरांत ते बहुधा सर्वाधिक गर्दीचे असते. त्याच्या डोक्यावर छप्पर असते आणि तळाशी आत दोन आडव्या रेघा असलेली उभी पेटी, तिला खाली दोन छोटे पाय. हा तळाचा भाग म्हणजे शिंपला किंवा कवडी. नाणी येण्याआधी चीनमध्येही कवड्या मौल्यवान मानल्या जात आणि धनाशी संबंधित अनेक चिनी अक्षरांत ही कवडी आजही बसलेली आहे.

‘बाओ’ सापडले, की ते भोकाच्या डाव्या हाताला येईल असे नाणे फिरवावे. आता ते सरळ झाले. त्यानंतर ‘तोंग’, ‘युआन’ किंवा ‘झोंग’ कुठे आहे ते पाहावे. ‘तोंग’ची खूण म्हणजे डावीकडून उतरून संपूर्ण अक्षराच्या खालून होडीसारखी सरकत गेलेली रेघ. ‘युआन’ अगदी मोकळे असते, वर दोन आडव्या रेघा आणि खाली दोन पाय, त्यातला उजवा पाय शेवटी वर वळलेला. ‘झोंग’ म्हणजे एकावर एक आडव्या रेघांची चळत आणि मधून गेलेला उभा कणा.

हे अक्षर उजवीकडे असेल तर मजकूर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असा वाचायचा. म्हणजे कालनाम वर आणि खाली आहे. हे अक्षर खाली असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे वाचायचे. म्हणजे कालनाम वर आणि उजवीकडे आहे. दोन्ही पद्धतींत ‘बाओ’ डावीकडेच येते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करायची. फोनवर फोटो काढून चित्रशोध करायचा असेल तरी नाणे आधी असे सरळ करून घ्यावे, म्हणजे जुळणारी नाणी लवकर सापडतात.

सोंग काळाची नाणी इतकी का सापडतात?

पहिली मोठी गफलत ‘कायुआन’ नाण्यापाशीच होते. तांग सम्राट श्वानझोंग याच्या एका कालनामाचा उच्चारही कायुआन, आणि तो काळ ७१३ ते ७४१. साहजिकच हे नाणे त्याचे समजले जाते. प्रत्यक्षात ते त्याच्या ९२ वर्षे आधी सुरू झाले होते. नाण्यावरील ‘कायुआन’ हे कालनाम नव्हतेच, ‘नवा आरंभ’ अशा अर्थाचा तो मजकूर होता. काही कायुआन नाण्यांच्या मागे नखाच्या आकाराची चंद्रकोर असते. मेणाच्या नमुन्यावर राणीचे नख उमटले आणि ते तसेच राहिले, अशी दंतकथा तिच्याशी जोडली गेली आहे. ८४५ च्या सुमारास सम्राट वूझोंग याने बौद्ध मठ बंद करून घंटा आणि मूर्ती वितळवल्या. त्या धातूतून निघालेल्या कायुआन नाण्यांच्या मागे टांकसाळीच्या गावाची खूण आहे.

कालनामाची खरी चंगळ सोंग राजवटीत झाली. उत्तर सोंग काळात (९६० ते ११२७) एकेक सम्राट अनेकदा कालनाम बदलत असे. सम्राट रेनझोंग याची तर नऊ कालनामे होती. दर बदलाला नाण्यावरचा मजकूर बदले. त्यामुळे सोंग नाण्यांचा काळ काही वेळा चार-पाच वर्षांच्या आत सांगता येतो. एकच मजकूर वेगवेगळ्या लिपीवळणांतही निघे. कोरीव वळणाची मुद्रालिपी, सरळ वळण आणि झरझर लिहिलेले धावते वळण अशा जोड्या मिळतात. ‘चुनह्वा युआनबाओ’ (९९० ते ९९४) या नाण्याची अक्षरे सम्राट ताइझोंग याच्या हस्ताक्षरातील मानली जातात. सम्राट ह्वेझोंग हा स्वतः नामांकित चित्रकार आणि सुलेखनकार. त्याच्या ‘दाग्वान तोंगबाओ’वरील बारीक, ताठ अक्षरे एकदा पाहिली की विसरत नाहीत.

या नियमाला पडलेला एक अपवाद गमतीचा आहे. १०३८ मध्ये रेनझोंगने ‘बाओयुआन’ हे कालनाम घेतले. नेहमीप्रमाणे पुढे ‘तोंगबाओ’ जोडले असते तर एकाच नाण्यावर ‘बाओ’ दोनदा आले असते. म्हणून १०३९ मध्ये कालनाम गाळून ‘ह्वांगसोंग तोंगबाओ’, म्हणजे ‘सोंग साम्राज्याचे चलन’, असा मजकूर घातला गेला. दक्षिण सोंग राजवटीने ११८० पासून आणखी सोय केली. नाण्याच्या मागे त्या कालनामाचे कितवे वर्ष, हा आकडाच ओतला जाऊ लागला.

सोंग काळातील उत्पादनही अफाट होते. १०८० च्या सुमारास वर्षाला सुमारे ५० लाख माळा, म्हणजे अब्जावधी नाणी, ओतली जात होती. ती आशियाभर गेली. १३२३ मध्ये चीनहून जपानला निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडाले. त्यातून २८ टन नाणी वर काढण्यात आली, त्यांची संख्या सुमारे ८० लाख भरते. म्हणूनच नाणे हजार वर्षांचे असले तरी ते दुर्मीळ असेलच असे नाही. साधे सोंग नाणे संग्राहकांच्या बाजारात आजही स्वस्त मिळते. ‘हजार वर्षे जुने’ या तीन शब्दांवर किंमत लावणारा विक्रेता नेमकी हीच गोष्ट सांगत नाही.

शेवटच्या दहा सम्राटांची नाणी कशी ओळखायची?

मंगोलांच्या युआन राजवटीत भर मुख्यतः कागदी चलनावर होता, त्यामुळे त्या काळाची नाणी कमी. १३६८ मध्ये मिंग राजवट आली आणि दोन बदल झाले. संस्थापकाच्या नावातच ‘युआन’ असल्याने ते अक्षर टाळून ‘तोंगबाओ’ रूढ झाले. आणि एका सम्राटाला एकच कालनाम, अशी प्रथा पडली. त्यामुळे इथून पुढे कालनाम वाचले, की सम्राट कळतो.

आपल्या हातात येणारी बहुतेक नाणी, आणि त्यांच्या नकलाही, छिंग राजवटीच्या (१६४४ ते १९१२) असतात. सम्राट दहा. कालनाम कायम वर आणि खाली. त्यांच्या खुणा अशा :

- शुनझी (१६४४ ते १६६१) आणि तोंगझी (१८६१ ते १८७५) : दोघांचे खालचे अक्षर एकच. वरचे अक्षर खालून उघड्या चौकटीसारखे, आत एक रेघ आणि छोटा चौकोन असे असेल तर तोंगझी. नसेल तर शुनझी.
- कांग्शी (१६६१ ते १७२२) : खालच्या अक्षराच्या तळाशी ओळीने चार ठिपके.
- योंगझेंग (१७२२ ते १७३५) : खालचे अक्षर केवळ सरळ, काटकोनी पाच रेघांचे. आपण चार उभ्या रेघांवर पाचवी तिरकी मारून मोजतो, तसे चीनमध्ये पाचापाचाने मोजायला हेच अक्षर वापरतात.
- छियानलोंग (१७३५ ते १७९६) : खालच्या अक्षराच्या डाव्या बाजूला इंग्रजी ‘बी’सारखी खूण.
- जियाछिंग (१७९६ ते १८२०) : वरचे आणि खालचे, दोन्ही अक्षरे दाट गर्दीची. वरच्या इतर खुणांपैकी एकही बसत नाही.
- दाओग्वांग (१८२० ते १८५०) आणि ग्वांगश्यू (१८७५ ते १९०८) : दोघांत ‘ग्वांग’ म्हणजे प्रकाश हे अक्षर समान. वर तीन किरणांसारख्या रेघा, मग एक आडवी रेघ आणि खाली दोन पाय. ते नाण्याच्या तळाशी असेल तर दाओग्वांग, वर असेल तर ग्वांगश्यू.
- श्येनफेंग (१८५० ते १८६१) : या काळातील मोठी, जाड नाणी चटकन ओळखू येतात.
- श्वेनतोंग (१९०८ ते १९१२) : नाणे लहान, वरच्या अक्षरावर छप्पर. हा शेवटचा सम्राट.

श्येनफेंगच्या मोठ्या नाण्यांमागे युद्ध आहे. ताइपिंग बंडामुळे युन्नान प्रांतातून येणारे तांबे तुटले आणि लष्कराचा खर्च तर वाढतच होता. १८५३ पासून सरकारने १०, ५०, १०० आणि त्याहून मोठ्या दर्शनी किमतीची नाणी काढली. त्यांत धातू मात्र त्या प्रमाणात नव्हता. लोकांचा विश्वास उडाला आणि महागाई भडकली. ‘झोंगबाओ’ आणि ‘युआनबाओ’ हे शब्द इथे मोठ्या किमतीची खूण म्हणून परत दिसतात.

मागच्या बाजूची उभी अक्षरे कोणती?

छिंग राजघराणे मांचू वंशाचे होते. त्यामुळे बहुतेक नाण्यांच्या मागे भोकाच्या दोन्ही बाजूंना मांचू लिपीतील एकेक शब्द असतो. ही लिपी वरून खाली लिहितात. देवनागरीची शिरोरेषा उभी करून तिला आकडे आणि ठिपके लावावेत, तशी ती दिसते. डावीकडचा शब्द ‘बाओ’चाच मांचू उच्चार, उजवीकडचा टांकसाळीचे नाव. राजधानी बीजिंगमध्येच दोन टांकसाळी होत्या, एक महसूल खात्याची आणि एक बांधकाम खात्याची. प्रांतांच्या टांकसाळी वेगळ्या. कांग्शीच्या अनेक नाण्यांवर एका बाजूला मांचू आणि दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरात टांकसाळीचे नाव आहे. अशा २० टांकसाळींची नाणी एकत्र ओवून शुभ म्हणून बाळगण्याची प्रथा चीनमध्ये होती.

१७५९ मध्ये छिंग सैन्याने आजचा शिनजियांग जिंकला. तिथल्या टांकसाळींची नाणी जवळपास शुद्ध तांब्याची, लालसर आहेत. त्यांच्या मागे मांचूबरोबर अरबी वळणाच्या लिपीत स्थानिक तुर्की भाषेतील नाव असते. म्हणजे मूठभर धातूवर तीन लिप्या. मागची बाजू पाहिल्याशिवाय छिंग नाण्याची ओळख पूर्ण होत नाही, कारण एकाच सम्राटाच्या दोन नाण्यांतील फरक, आणि कित्येकदा किमतीतील फरकही, टांकसाळीमुळे पडतो.

मजकूर म्हणजे तारीख नव्हे, ते का?

इथपर्यंत अक्षरे वाचता आली. पण नाण्यावर नाव आहे म्हणून ते त्याच काळात, त्याच देशात घडले असे ठरत नाही. महाराष्ट्राला हे नवे नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ असा मजकूर असलेली शिवराई शिवाजी महाराजांच्या नंतरही, अगदी पेशवाईतही पाडली जात होती. मराठ्यांच्या अनेक रुपयांवर तर मुघल बादशहाचे नाव आहे. लोकांचा विश्वास ज्या मजकुरावर बसला, तो मजकूर सहजासहजी बदलला जात नाही.

चीनमध्येही तेच झाले. वूझू सात शतके चालले, कायुआन तांग राजवटीच्या शेवटापर्यंत. शिनजियांगमध्ये छियानलोंगच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांच्या काळातही काही नाणी त्याच्याच नावाने ओतली जात राहिली.

चीनबाहेर तर गोंधळ आणखी वाढतो. जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या तिन्ही देशांनी चौकोनी भोक, चार चिनी अक्षरे आणि शेवटी ‘बाओ’ हीच पद्धत उचलली. सतराव्या शतकात सुरू झालेले जपानचे ‘कानेई त्सूहो’, कोरियाचे ‘सांगप्योंग तोंगबो’ आणि व्हिएतनामची ‘थोंगबाओ’ नाणी नवख्याला चिनीच वाटतात. व्हिएतनाममध्ये हा आकार विसाव्या शतकापर्यंत टिकला. वरची दोन अक्षरे चिनी कालनामांच्या यादीत सापडत नसतील, तर पुढचा शोध या तीन देशांत घ्यावा.

यादीत सापडली तरीही सावध राहावे लागते. ‘युआनफेंग तोंगबाओ’ हे सोंग काळातील १०७८ ते १०८५ चे नाणे. पण १६५९ पासून काही वर्षे जपानमधील नागासाकी येथे हाच मजकूर असलेली नाणी ओतली गेली, ती परदेशी व्यापाऱ्यांमार्फत व्हिएतनामला पाठवण्यासाठी. मजकूर अकराव्या शतकाचा, नाणे सतराव्या. फरक कळतो तो अक्षरांच्या वळणावरून, धातूवरून, कडेच्या रुंदीवरून.

बनावट नाणे कसे ओळखावे?

जुन्या टांकसाळींना एकच मजकूर शेकडो वर्षे उठवता आला, तर आजच्या कारखान्याला तो उठवणे अवघड नाही. फेंगशुईच्या संचात शुनझी, कांग्शी, योंगझेंग, छियानलोंग आणि जियाछिंग या ‘पाच सम्राटां’ची नावे असतात. ती शोभेची वस्तू म्हणून विकली गेली, तर त्यात फसवणूक नाही. त्यांना रसायनाने काळे-हिरवे करून ‘प्राचीन’ म्हणून विकले, की ती होते. अशा वेळी अक्षरांपलीकडे पाहावे.

वजन आणि माप घ्यावे. एका नगाचे साधे नाणे बहुधा ३ ते ५ ग्रॅम भरते आणि त्याचा व्यास २२ ते २८ मिलिमीटरच्या आसपास असतो. फार हलके, फार जाड किंवा वाजवीपेक्षा मोठे नाणे संशयास्पद समजावे. त्यापुढे चुंबक लावावा. कांसे आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. सोंग काळात लोखंडी नाणीही निघाली होती, पण ती गंजलेली, खडबडीत असतात. चकचकीत पिवळे नाणे चिकटले, तर तो मुलामा दिलेला आधुनिक पत्रा.

पृष्ठभागही बोलतो. शतकानुशतके साचलेला हिरवा-तपकिरी थर धातूत मुरलेला असतो. वरून फासलेला हिरवा रंग खोलगट भागांत पावडरीसारखा बसतो आणि नखाने खरवडला तर सुटतो. जुन्या नाण्याच्या कडेवर कानशीच्या खुणा आणि हाताळून आलेली झीज असते. अक्षरे साबणाच्या वडीवरील छापासारखी बुळबुळीत, आणि कडा मात्र धारदार, हे लक्षण वाईट. एकाच विक्रेत्याकडे हुबेहूब एकसारखी, एकाच जागी तोच खड्डा असलेली नाणी दिसली, तर ती एकाच साच्यातून आजच निघालेली आहेत.

आपल्याकडचे नाणे चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख करण्याचा मोह मात्र टाळावा. वरचा थर गेला, की खरेपणाचा पुरावाही गेला आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही. दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत, वजन लिहून ठेवावे आणि मगच जाणकाराला दाखवावे.

अशी नाणी भारतात सापडतात का? सापडल्यास काय करावे?

सापडतात, आणि त्याला कारण जुना सागरी व्यापार. चोळ राजांनी अकराव्या शतकात सोंग दरबारी दूत पाठवले होते. १०७७ च्या चोळ दूतांना ८१,८०० माळा तांब्याची नाणी दिल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. तमिळनाडूत तंजावर भागात चिनी नाण्यांचे साठे मिळाले. केरळमधील कोल्लम बंदरातील गाळ उपसताना २०१४ मध्ये चिनी नाणी वर आली. अशा नाण्याचे मोल त्याच्या बाजारभावापेक्षा ते कुठे, कशाबरोबर मिळाले यात अधिक असते. जागेवरून हलवून विकलेले नाणे इतिहासाच्या दृष्टीने मुके होते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. समाजमाध्यमांवर परदेशी ग्राहकाने मोठी रक्कम देऊ केली, तरी नाणे टपालात टाकण्याआधी हे लक्षात ठेवावे.

फसवणुकीचा उलटा प्रकारही आहे. जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ मागितला जातो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे प्रकार होत असल्याचे सांगत बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते.

घरात असे नाणे असेल तर क्रम सोपा आहे. ‘बाओ’ डावीकडे आणावे, कालनाम वाचावे, मागची बाजू पाहावी, वजन करावे, आणि त्यानंतरच किमतीचा विचार करावा. विकत घेताना हाच क्रम विक्रेत्यासमोर लावावा. नाण्याची मागची बाजू आणि वजन सांगायला जो तयार नाही, त्याच्या ‘हजार वर्षां’ना फुटकी कवडीही देऊ नये.